‘कारागीर अज्ञात’ लिहिणाऱ्यांस अनावृत पत्र

संग्रहालयांत वस्तूंखालच्या पाट्या लिहिणाऱ्या आणि त्या मंजूर करणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी घराण्यानं सुतार. काही वर्षं लाकडावरचं कोरीवकाम शिकवलंही, पण हात सुताराचाच राहिला. गेल्या वर्षी मुलीकडे युरोपात गेलो होतो. एक दिवस पाऊस थांबेना, तेव्हा जावयानं एका संग्रहालयाची तिकिटं काढून दिली. आफ्रिकेच्या दालनात काचेच्या कपाटात वीतभर उंचीच्या ११ लाकडी बाहुल्या ओळीनं उभ्या होत्या. खाली पाटी एकच: ‘जुळ्यांच्या प्रतिमा. योरुबा, नायजेरिया. १९वे-२०वे शतक. कारागीर अज्ञात.’

बाहुल्या ११, शतकं दोन, आणि सगळ्यांत मिळून एक अज्ञात माणूस.

योरुबा लोकांत जुळी फार होतात. जगात इतकं प्रमाण क्वचितच कुठे असेल. जुळ्यांपैकी एक दगावलं की कोरणाऱ्याकडून त्याची प्रतिमा करून घेत. तिला ‘इबेजी’ म्हणतात. आई तिला पोटच्या पोरासारखी न्हाऊमाखू घालते, भरवते, अंगाला लाल लाकडाची पूड चोळते. वर्षानुवर्षं हात फिरून नाकडोळे झिजतात, गुळगुळीत होतात. तेव्हा चेहऱ्यावरून हात ओळखायला जाल तर फसाल. कान मात्र केसांच्या रचनेच्या आडोशाला असतात, तिथं बोटं कमी पोचतात. म्हणून मी कान पाहत गेलो.

डावीकडून तिसरी आणि नववी एका हातच्या होत्या. कानाची वाटी तशीच, मागचा उतार तसाच, पाळीखालून केसांची पहिली रेघ त्याच कोनात सुटलेली. पण तिसरीच्या कानाला दुहेरी कड होती. एकदा कापलंय, मनासारखं झालं नाही म्हणून केसभर आत पुन्हा कापलंय. नववीचा कान एका वळणात उतरलाय, मध्ये सुरी उचललेली नाही. माझ्या अंदाजानं त्या दोन बाहुल्यांच्या मध्ये त्या माणसाची १५-२० वर्षं गेली असावीत. तिसरी करताना आई काय म्हणेल याची धास्ती होती. नववीच्या वेळी ती धास्ती उरली नव्हती.

हे पत्र त्या १५-२० वर्षांसाठी लिहितोय. तुमच्या पाटीत ती कुठेच नाहीत.

आधी ‘अज्ञात’ या शब्दाबद्दल. अज्ञात कुणाला? ज्या गावात त्या बाहुल्या झाल्या, त्या गावात करणाऱ्याचं नाव पाणवठ्यावरसुद्धा माहीत असणार. योरुबांमध्ये प्रत्येक माणसाची स्तुतिकवनं असतात, ‘ओरिकी’. आपल्याकडे भाट राजांची बिरुदं गात, तिथं ती सुताराचीही गातात. शिवाय त्यांच्याच विद्वानांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: नाव ही तिथं जपून वापरायची वस्तू. कुणाचंही नाव परक्यासमोर चारचौघांत घेतलं तर वाईट इच्छेचा माणूस त्याचा उपयोग करू शकतो. वस्तू गोळा करत फिरणारा गोरा साहेब दुभाष्यामार्फत ‘हे कुणी केलं?’ विचारतोय, तर मिळेल ते उत्तर मोघमच. कित्येकांनी तर तेवढंही विचारलं नाही. ‘नाव नोंदवलेलं नाही’ असं लिहिलंत तर चूक नोंदवणाऱ्याची ठरते. ‘अज्ञात’ लिहिलंत की ती बिचाऱ्या कोरणाऱ्याच्या माथी बसते.

आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. इथल्या वखारींत घानाचं, नायजेरियाचं सागवान येत आलंय. वखारवाला ओंडका कुठल्या देशाचा, किती वर्षांचा, गाभा किती आणि कवळा भाग किती, सगळं सांगतो, कारण त्यावर भाव ठरतो. ओंडक्याला जन्मगाव आहे, वय आहे. त्याच मुलुखातल्या कोरलेल्या लाकडाला मात्र तुमच्या कपाटात ‘१९वे-२०वे शतक’.

आता ज्याचं नाव मिळालं त्याच्याकडे येतो. ओलोवे, इसे गावचा. जन्म १८७३ च्या आसपास, एफोन-अलाये या गावी. त्याचं नाव झालं ते इसेला, तिथल्या राजाच्या, म्हणजे अरिंजालेच्या पदरी. एकिती भागातल्या आसपासच्या राजवाड्यांतूनही त्याला बोलावणी येत. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्यानं १९१० ते १९१४ च्या सुमारास खांब आणि दारं कोरली. त्यातल्या एका दाराच्या एका कवाडावर इकेरेचा राजा, ओगोगा, आसनावर बसलाय, मागे राणी उभी. दुसऱ्यावर कॅप्टन अँब्रोज नावाचा इंग्रज अधिकारी माणसांनी वाहिलेल्या डोलीत येतोय. सपाट फळीवरचं कोरीवकाम म्हणजे साधारण बोटभर उठाव, असं आपण धरून चालतो. ओलोवेची माणसं फळीला चिकटून राहत नाहीत, ती बाहेर पडायला निघालेली असतात. मागची सगळी जमीन बारीक नक्षीनं भरलेली, तिच्यावर एकेकाळी रंग होता.

हे दार १९२४ साली लंडनला, वेम्ब्लीच्या साम्राज्य-प्रदर्शनात गेलं आणि ब्रिटिश म्युझियमला ते हवंसं झालं. ओगोगानं पैसे घेतले नाहीत. बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन मागितलं, आणि ते त्याला मिळालं. या सौद्यात कोण जिंकलं यावर मला काही म्हणायचं नाही. राजालाही साहेबाच्या सुताराचं काम बघावंसं वाटलं असेल. पण दार कोरणाऱ्याचं नाव युरोपातल्या छापील पानांवर यायला पुढे कित्येक वर्षं लागली.

तोच ओलोवे, साधारण १९२५ सालचा. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकी कला संग्रहालयात त्याचं एक झाकणाचं भांडं आहे. गुडघे टेकलेली बाई भांडं धरून आहे, झाकणावर बायका नाचताहेत, खालून माणसांनी भांडं तोललंय. आणि त्या खालच्या माणसांच्या घोळक्यात, मधल्या पोकळीत, दाढीवाल्या माणसाचं एक डोकं सुटं आहे. भांडं हलवलं की ते आत गडगडतं. बाहेर काढता येत नाही. आत घातलेलंही नाही, सगळं एकाच ओंडक्यातलं आहे.

हे कसं होतं ते सुताराला विचारा. भोवतीची माणसं कोरत आत शिरायचं, त्यांच्या हातापायांच्या फटींतून सुरी घालून आतला गोळा आकाराला आणायचा, नाक, डोळे, दाढी सगळं त्या फटींतूनच. आणि हे होईस्तोवर गोळा कुठे तरी एका देठानं धरून ठेवायचा, कारण सुटलेली वस्तू कोरता येत नाही, ती सुरीखाली फिरते. देठ सगळ्यात शेवटी. तो कापताना मनगट वळायला जागा नाही, आणि एक घाव चुकला तर बाहेरच्या माणसाचा पाय जातो. वर्षभराची मेहनत एका पायासाठी वाया. हे काम पंचविशीतला माणूस घेणार नाही. घेईल, पण पुरं करणार नाही.

त्या दाराकडून या भांड्याकडे पाहिलं की माझ्या डोळ्यांना एकच ध्यास दिसतो. दारावर तो माणसांना फळीतून सोडवू पाहत होता. पन्नाशीत त्यानं एक डोकं खरोखर सोडवून दाखवलं. ओलोवे १९३८ साली वारला. १९८८ साली, म्हणजे ५० वर्षांनंतर, त्याच्या बायकोनं जॉन पेम्बर्टन या अभ्यासकाला त्याची ओरिकी म्हणून दाखवली. तीत इरोकोसारखं कठीण लाकूड तुंब्यासारखं मऊ समजून कोरणारा, असं त्याचं वर्णन आहे. इरोको म्हणजे बाजारात ज्याला आफ्रिकन टीक म्हणतात ते. मी त्यावर पटाशी चालवली आहे. त्याची रेघ मध्येच फिरते आणि धार बघता बघता बसते. त्या बाईंच्या स्तुतीत अतिशयोक्ती किती आणि हिशेब किती, ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही म्हणाल, ओलोवे अपवाद. बाकीचे परंपरेतले, पिढ्यान्‌पिढ्या तेच ते करणारे. हाच मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. योरुबा भाषेत परंपरेला ‘आशा’ म्हणतात, आणि तो शब्द ‘निवडणे’ या क्रियापदापासून आला, असं त्यांचे भाषापंडित सांगतात. निवडायचं म्हटलं की समोर एकाहून जास्त गोष्टी आल्या, आणि निवडणारा आला.

शिकण्याची रीतच बघा. पोरगा दहाएक वर्षांचा असताना गुरूकडे येतो. झाडलोट, निसण्यावर हत्यारांना धार, मग गुरूनं केलेल्या कामावर शेवटचा हात. कोरणाऱ्याला ते ‘ग्बेनाग्बेना’ म्हणतात, आणि कामाचे चार टप्पे त्यांच्या भाषेत आहेत. ‘ओना लिले’ म्हणजे कुऱ्हाडीनं, वाकसानं ओंडक्यातले मोठे भाग मोकळे करणं. ‘अलेतुनले’ म्हणजे त्या मोठ्या भागांतून लहान आकार फोडणं. ‘दिदान’ म्हणजे सफाई. ‘फिफिन’ म्हणजे सुरीची बारीक नक्षी. बाहेरच्याला वाटतं, नक्षी सर्वांत अवघड. उलटं आहे. नक्षी पोरांकडे सोपवता येते. पहिले दहा घाव सोपवता येत नाहीत, कारण मूर्ती उभी कशी राहणार, मान किती पुढे येणार, ते तिथंच ठरतं. शागीर्द चौथ्या टप्प्यापासून उलटा चढत पहिल्यापर्यंत जातो. तिथं पोचला की तो उस्ताद.

याचा पाटीशी संबंध असा की एकाच मूर्तीत दोन-तीन वयांचे हात असू शकतात. धड उस्तादाचं, केसांची नक्षी पोराची. माझ्या त्या तिसऱ्या बाहुलीचा दुहेरी कान कदाचित शागिर्दाचाही असेल, हे मी मान्य करतो. मग नववी त्याच शागिर्दाची, तो उस्ताद झाल्यानंतरची? बघा, एक प्रश्न विचारला की कपाट कसं बोलायला लागतं.

आणखी एक अडचण त्यांच्या सौंदर्यदृष्टीतच आहे. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या कलेच्या अभ्यासकांनी योरुबा गावांत हिंडून, मूर्तीला चांगली कशावरून म्हणता असं लोकांना विचारलं. त्यातून जे निकष निघाले, त्यात ‘जिजोरा’ आहे, म्हणजे सारखेपणा बेताचा हवा: अगदी हुबेहूब नको आणि ओळखूच येऊ नये असंही नको. आणि ‘ओदो’ आहे, म्हणजे तारुण्य. म्हातारा राजा असो की नातवंडांची आजी, मूर्तीत तो माणूस भरात असलेलाच दिसला पाहिजे. म्हणजे कोरणारा सत्तरीला आला तरी त्याची माणसं पंचविशीतच. विषय म्हातारा होत नाही, चेहरा म्हातारा होत नाही. साहेबाला म्हणूनच सगळं सारखं दिसलं. बदल शोधायचा तो कानात, पाठीच्या कण्यात, दोन आकृत्यांमधल्या पोकळीत, आणि कुठे नक्षी करायची सोडून दिली त्यात.

नावागावासकट एक साखळीच देतो. अरेओगुन, ओसी-इलोरिनचा, साधारण १८८० ते १९५४. हे त्याचं टोपणनाव. अर्थ असा की ओगुनच्या हत्यारांवर कमावतो आणि सढळ हातानं उधळतो. ओगुन हा लोखंडाचा देव, लोहार, सुतार, शिकारी सगळ्यांचा. (असल्या नावाचा एकेक माणूस आमच्याही आळीत होता, लोखंडाचा देवच तसा असावा.) अरेओगुनचा शागीर्द ओसामुको. अरेओगुनचा मुलगा बांदेले कोरायला शिकला तो बापाकडे नाही, या ओसामुकोकडे. बापाच्या हाताखाली मुलगा एक तर नक्कल होतो नाही तर पळून जातो, हे मी जवळून पाहिलंय.

१९४७ पासून ओये-एकितीला फादर केविन कॅरोल या मिशनऱ्यानं एक कार्यशाळा चालवली. तिथं बांदेलेनं चर्चची दारं कोरली. त्या कामांत येशूच्या दर्शनाला येणारे राजे योरुबा राजांसारखे येतात. आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथं एक विशीतला मुलगा आला: लामिदी फाकेये. इला-ओरांगुनचा, जन्म १९२८, कोरणाऱ्यांच्या पाचव्या पिढीतला. लहानपणापासून बापाकडे शिकलेला, स्वतः कामं घेणारा. तो बांदेलेचं काम बघतो आणि त्याच्याकडे पुन्हा तीन वर्षं शागीर्द म्हणून बसतो.

माझ्या मते एखाद्याच्या शैलीच्या इतिहासात याहून मोठी घटना नसते. हात बसलेला असताना तो मोडायचा. इलाची वळणं वेगळी, बांदेलेच्या ओसीची वेगळी. वीस वर्षांच्या माणसाच्या मनगटात घरचं वळण इतकं मुरलेलं असतं की डोळा ‘इकडे’ म्हणतो आणि सुरी तिकडे जाते. मी स्वतः तिशीत एका दुसऱ्या उस्तादाकडे सहा महिने बसलो होतो. पहिले दोन महिने माझ्या हातून जे निघालं ते ना घरचं होतं ना त्यांचं. ते सगळं मी चुलीत घातलं. फाकेयेचं असं मधलं काम आज कुणाच्या कपाटात असेल तर त्याच्यावर ‘दुय्यम, कारागीर अज्ञात’ लिहिलेलं असणार, अशी माझी पैज.

पुढचा फाकेये बघा. मुसलमान माणूस, ओगुनची हत्यारं आणि चॅपलची दारं. मग १९७८ पासून इले-इफेच्या विद्यापीठात. १९८७ साली त्यानं तिथं ओदुदुवाचा, योरुबांच्या मूळ पुरुषाचा, सात फुटांहून उंच पुतळा कोरला. २००६ साली युनेस्कोचा मान मिळाला, २००९ च्या नाताळच्या दिवशी गेला. त्याच्या उत्तरवयातल्या मूर्ती जास्त घोटलेल्या, जास्त शांत वाटतात. सुरुवातीच्या कामातली दाटी ओसरलेली. काहींना ती शांतता गुळगुळीत वाटते. खरं सांगायचं तर कधीकधी मलाही. गिऱ्हाईक बदललं होतं: मूर्ती आता जत्रेत डोक्यावर घेऊन नाचायची नव्हती, तेलपाण्यानं झिजायची नव्हती, ती दालनात उभी राहून बघितली जायची होती. लांबून, हलत्या उजेडात दिसायचं काम ठळक लागतं. जवळून बघायचं काम माणूस घोटत बसतो. आणि मुख्य म्हणजे तो सही करी, साल घाली. म्हणून त्याच्याबद्दल मी हे सगळं बोलू शकतो. अरेओगुननं सही केली नाही, तर त्याला उत्तरवयच नसावं का?

लागोसकडे थॉमस ओना नावाचा कारागीर टोपीवाल्या साहेबांच्या लहान लहान मूर्ती करी. लाल-काळी शाई आणि बुटांचं पांढरं पॉलिश एवढंच रंगाला. लोकांनी ठरवलं, हा साहेबांची टिंगल करतोय. विल्यम बॅस्कम या मानववंश-अभ्यासकांनी त्यालाच विचारलं, तर तो म्हणाला, मला दिसतं तसं करतो. विचारलं की असं काही तरी हाती लागतं.

तुमच्या अडचणीही मला कळतात. नाव चिकटवणं धोक्याचं, कारण बाजारात कोणत्याही बऱ्या दरवाजाला ‘अरेओगुन’ म्हणून भाव चढवणारे दलाल आहेतच. मी नावं चिकटवा म्हणत नाही. हात ओळखा म्हणतो. नाव नसलं तरी ‘तिसऱ्या आणि नवव्या बाहुलीचा कारागीर’ म्हणता येतं, आणि त्या दोन शेजारी शेजारी ठेवता येतात. वॉशिंग्टनला १९९८ साली रोझलिन वॉकर यांनी एकट्या ओलोवेवर प्रदर्शन भरवलं. येल विद्यापीठानं २०२२ साली बामिगबोये या एकट्या योरुबा कोरणाऱ्यावर भरवलं. म्हणजे जमतं. फक्त ते मोठ्या नावांपुरतं आणि चार महिन्यांपुरतं राहतं, आणि मग कायमच्या दालनात पुन्हा जमातीच्या पाट्या.

कपाट जमातीनुसार लावण्याऐवजी निदान एक फळी हातानुसार लावून बघा. ‘१९वे-२०वे शतक’ लिहायचंच असेल तर शेजारी वस्तू कधी आणि कोणाकडून मिळाली तेही लिहा, म्हणजे नाव कुणी विचारलं नाही ते कळेल. कुठल्या गावच्या राजानं, कुठल्या देवळानं, कुठल्या आईनं काम सांगितलं ते माहीत असेल तर लाकडाच्या जातीआधी ते येऊ द्या. आणि मूर्ती भिंतीला टेकवू नका. पाठ आम्हाला समोरच्याहून जास्त सांगते, कारण तिथं कारागीर घाईत असतो.

माझी खास विनंती त्या ११ बाहुल्यांसाठी आहे. मागे आरसा लावला तर उत्तम. नाहीच जमलं तर तिसरी आणि नववी पाऊण वळवून ठेवा, उजवा कान बाहेर येईल अशी. मुलीकडे पुढच्या वैशाखात पुन्हा जायचं आहे, तेव्हा येऊन बघीन. तोवर पाटी नवी छापायची नसेल तर जुनीवरच ‘कारागीर अज्ञात’ खोडून ‘कारागीर निदान चार’ असं लिहिलंत तरी माझी हरकत नाही. मी चार मोजले. तुमच्याकडे किल्ली आहे, तुम्हाला जास्त सापडतील.

कळावे. लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सुतार